आखातात संसार हलवताना: मागून जाणाऱ्यांसाठी

"नवऱ्याला दुबईत लागून सहा महिने झाले, आता आमचाही व्हिसा करतो म्हणतोय. मुलगी तिसरीत आहे. काय काय करून ठेवू?" असा फोन मला अधूनमधून येतो. कधी गोव्यातल्या डिचोलीहून, कधी पेडण्याहून, कधी आमच्याच फोंड्यातल्या कुणा ओळखीच्या सुनेचा. मी २०१५ साली अशीच गेले होते आणि आठ वर्षं तिथे संसार करून परत आले. फोनवर अर्ध्या तासात सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

हे मुख्यतः मागून जाणाऱ्या माणसासाठी आहे. पुढे गेलेल्याला दुसऱ्या दिवसापासून ऑफिस असतं, सोबतची माणसं असतात, त्याचे कागद कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कामं करणारा माणूस, बघतो. मागून येणारीला सकाळी साडेसातला दार बंद झालं की चार भिंती आणि एसीचा आवाज उरतो. माझ्या मते सगळी आखणी तिच्या पहिल्या तीन महिन्यांकडे बघून करावी, कारण घर टिकतं की मोडकळीला येतं ते तेव्हाच ठरतं. हल्ली बायको नर्स म्हणून पुढे आणि नवरा मागून, अशीही घरं आहेत. त्यांनी हेच उलटं करून वाचावं. पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात जाणाऱ्यांची वाट निराळी आहे. तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपतं, तेव्हा तो विषय मी इथे आणत नाही.

सहा महिने आधी: कागद

सगळ्याचा पाया लग्नाचा दाखला. देवळातलं किंवा हॉलमधलं लग्न आणि फोटो यांवर भागत नाही, सिव्हिल रजिस्ट्रारकडची पहिली आणि दुसरी सही झालेली हवी, हे आपल्या गोंयकारांना सांगायला नको. त्या नोंदीच्या ताज्या प्रती काढा, निदान तीन. मग एका प्रतीचा प्रवास सुरू होतो: राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग युएईच्या (संयुक्त अरब अमिरातीच्या) दूतावासाचा, आणि दुबईला पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. युरोपात जाणाऱ्यांचं अपोस्टिल नावाच्या एका शिक्क्यावर भागतं, पण तो शिक्का ज्या आंतरराष्ट्रीय कराराने चालतो त्यात युएई नाही. लिस्बनला असलेला चुलतभाऊ "अपोस्टिल करून घे" म्हणाला तर त्यात पैसे घालू नका. अरबी भाषांतर लागतं ते तिथेच, मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून करून घ्यावं. मुलांच्या जन्मदाखल्याचंही सगळं असंच.

कुठल्याही दाखल्याला लॅमिनेशन करू नका. माझं पदवीचं प्रमाणपत्र वडिलांनी किती प्रेमाने प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं. त्यावर शिक्का बसेना. दुसरी प्रत मिळवण्यात माझा दीड महिना गेला.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, नावाची. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. रजिस्ट्रारच्या नोंदीत माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काही. तिथल्या अधिकाऱ्याला तांदळात नाव लिहिण्याची प्रथा माहीत नसते. त्याच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. माझ्या बाबतीत एजंट "चालतं हो" म्हणाला, आणि दोन महिन्यांनी सगळे कागद परत आले. आडनाव बदलल्याचं लग्नाच्या दाखल्यावरून समजावता येतं, पण पहिलं नाव बदललं असेल तर नावबदलाची कायदेशीर नोंद लागते आणि तिला वेळ लागतो. ज्यांचं लग्न अजून व्हायचं आहे त्या मुलींना माझं सरळ सांगणं आहे: सासरी काय हाक मारायची ती मारू देत, पासपोर्ट जन्मदाखल्यावरच्या नावानेच ठेवा.

लहान मुलांच्या पासपोर्टवर नाव आणि आडनाव दोन्ही आहेत ना, हेही बघा. पासपोर्टवर एकच शब्द असेल तर युएईचा व्हिजिट व्हिसा चालत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरपासून हा नियम आहे.

कुटुंबाचा व्हिसा काढायला कमावत्या माणसाचा पगार निदान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय, असा लागतो. हा आकडा व्हिसाचा आहे. भाडं आणि शाळेची फी जमेला धरून एवढ्या पगारात मुलांसह घर चालत नाही. ते आधी वहीत मांडून बघा, आणि जुळत नसेल तर वर्षभर थांबा. थांबण्यात कमीपणा काहीच नाही.

कधी निघायचं

मे ते सप्टेंबर नको. आपल्याला घामाची सवय आहे असं आपल्याला वाटतं, पण जुलैच्या दुपारी तिथे पंचेचाळीस अंशांपर्यंत पारा जातो, आणि नवख्या बाईला मुलांना घेऊन बसस्टॉपपर्यंतही जाववत नाही. मग ती घरातच राहते, आणि घरातच राहण्याची सवय लागते. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत संध्याकाळी बागेत बसता येतं, माणसं भेटतात.

शाळेचं गणित मात्र वेगळं आहे. तिथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश आणि अमेरिकन ऑगस्टच्या शेवटी. माझा सल्ला असा: नाताळच्या आसपास व्हिजिट व्हिसावर तीन आठवडे जाऊन या. शाळा बघा, वस्ती बघा, मुलांना समुद्र दाखवा. मग चवथ (गणेशचतुर्थी) आणि दिवाळीच्या आठवणी ताज्या असताना रडत निघण्यापेक्षा मार्चच्या शेवटी, जागा माहीत असताना निघणं बरं पडतं. मला ही संधी मिळाली नव्हती. मी ऑगस्टमध्ये उतरले आणि पहिले सात आठवडे खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी मोजत काढले.

मुलांची शाळा

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण गोव्यातल्या मुलांची अडचण मुंबई-पुण्याच्या मुलांपेक्षा वेगळी असते आणि ती तिकडे कुणाला कळत नाही.

आपल्यातली कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीत इंग्रजीकडे वळतात. ही पद्धत चांगली आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण मूल नेमकं तिसरी-चौथीत असताना उचललं तर वळणाच्या मधोमध उचललं जातं. माझी लेक तिसरीत होती. पहिल्याच महिन्यात गणिताच्या बाईंची चिठ्ठी आली: मुलगी आकडे चुकीचे लिहिते, गणितात कच्ची आहे. मी हादरले. हिला तर वीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ होते. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिला मी आकडे घालायला बसले. 'सिक्स्टी नाइन' म्हटलं की ती ५९ लिही. 'सेव्हन्टी नाइन' म्हटलं की ६९. तीनदा तेच झालं. मग माझ्या लक्षात आलं. 'सिक्स्टी' म्हणजे साठ, 'नाइन' ऐकलं की तिच्या कानाला 'एकोण' ऐकू येई, आणि ती एकोणसाठ लिहून मोकळी होई. पोर मनातल्या मनात भाषांतर करत होती, आणि मराठीत एकोणसाठ हा साठाच्या अलीकडे असतो. दुसऱ्या दिवशी मी बाईंना भेटून हे कागदावर लिहून दाखवलं. त्या केरळच्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि महिनाभर तिचे आकडे त्या स्वतः तपासत राहिल्या. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत झालं.

म्हणून निघण्याआधी दोन-तीन महिने एवढंच करा: शंभरपर्यंतचे आकडे इंग्रजीत ऐकून लिहिणं, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकाराचे इंग्रजी शब्द, आणि 'मला पाणी प्यायला जायचंय', 'मला समजलं नाही', 'मला बरं वाटत नाही' ही वाक्यं. ट्यूशन लावून इंग्रजी निबंध पाठ करून घेऊ नका. आणि निवड हातात असेल तर पहिलीच्या आधी न्या किंवा पाचवी झाल्यावर.

दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए नावाच्या सरकारी खात्याची देखरेख असते. शाळांच्या तपासणीचे अहवाल आणि फी त्या खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. ओळखीच्याने सांगितलं म्हणून शाळा ठरवण्याआधी तो अहवाल वाचा. जागा लवकर भरतात, त्यामुळे अर्ज काही महिने आधी टाकावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखलाही साक्षांकित करून मागतात. कुठल्या इयत्तेपासून ते त्या शाळेला विचारून घ्या. अरबी हा विषय नववीपर्यंत सक्तीचा आहे. त्याची धास्ती घेऊ नका, मुलं आपल्याआधी शिकतात. स्कूलबसचा खर्च फीमध्ये धरलेला नसतो. घर शाळेजवळ घ्यायचं की ऑफिसजवळ, हा वाद प्रत्येक घरात होतो. शाळेजवळ घ्या. मोठ्या माणसाला मेट्रोत उभं राहता येतं.

बॅगेत काय जातं, काय जात नाही

खसखस नेऊ नका. युएईत खसखशीवर बंदी आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात ती मोडते, आणि विमानतळावर सापडली तर प्रकरण फार वाढतं. नुसती पुडी तर नाहीच, पण खसखस घातलेला घरचा मसाला, वर खसखस लावलेले अनारसे किंवा मिठाई, काहीच नाही. सासूबाईंनी माझ्यासाठी किलोभर गरम मसाला कुटून दिला होता. शेजारची एक बाई मस्कतला राहून आलेली होती. तिने नुसता वास घेऊन विचारलं, "खसखस घातलीय ना?" तो डबा घरीच राहिला. सासूबाईंनी रात्री बसून खसखशीवाचून पुन्हा मसाला केला.

औषधांचंही तसंच. कोडिन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित आहेत. तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. साध्या रक्तदाबाच्या गोळ्या नेतानाही डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पाकीट सोबत असू द्या. दुसऱ्या कुणाच्या हवाली करायचं पाकीट, आत काय आहे ते स्वतः उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. सख्खं माणूस असलं तरी.

बाकी जेवणाखाण्याची काळजी नको. सोलां (आमसुलं), तिरफळं आणि घरचं मिरचीकूट तेवढं न्या, कारण तिरफळं मला तिथे धड कधी मिळाली नाहीत. उकडा तांदूळ मात्र केरळी दुकानात मट्टा नावाने मिळतो. पेज त्याची चांगली होते, थोडी लालसर. नारळ मिळतो. मासळी दुबईतल्या देरा भागातल्या वॉटरफ्रंट मार्केटात: इसवण तिथे किंगफिश, आणि गोबरो म्हणजे हमूर. बांगडे सगळीकडे. मासे कापून देणारे बाजूलाच बसतात. मी तर म्हणते पहिल्या आठवड्यातच एकदा सगळ्यांनी मिळून मासळी आणायला जावं. हुमण शिजलं की घराला घराचा वास येतो.

घर घेताना

भाडं महिन्याचं नसतं, वर्षाचं असतं, आणि ते पुढच्या तारखांच्या चेकने आधीच द्यावं लागतं. एक, दोन, चार किंवा जास्त चेक. चेक जितके जास्त तितकं भाडं थोडं वाढवून सांगतात. भरीला साधारण पाच टक्के अनामत, एजंटचे जवळपास तितकेच, आणि 'देवा' या वीज-पाणी खात्याकडे फ्लॅटसाठी २,००० दिरहम डिपॉझिट. म्हणजे घरात पाऊल टाकण्याआधी मोठी रक्कम हातात हवी. ती नसताना क्रेडिट कार्डावर उचलू नका. चेक परत जाणं तिथे इथल्यासारखं साधं नाही, त्यातून प्रवासबंदीपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

करार झाला की त्याची 'इजारी', म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंद, झालीच पाहिजे. ती नसली तर पुढचे कागद अडतात. घर बघताना विचारायचा प्रश्न: चिलरचे पैसे कोण भरतं? चिलर म्हणजे इमारतीचं थंड हवेचं यंत्र. 'चिलर फ्री' असेल तर उन्हाळ्यात बिल आवाक्यात राहतं. 'देवा'च्या बिलात दर महिन्याला हाउसिंग फीही येते, वर्षभराच्या भाड्याच्या पाच टक्के, बारा महिन्यांत वाटून. ती नव्या माणसाला कुणी सांगत नाही.

शारजाला भाडं कमी असतं म्हणून पुष्कळजण तिथे घर घेतात. वाचलेले पैसे आणि रस्त्यावर गेलेले रोजचे दोन-तीन तास यांचा हिशेब आधी करा. बाप रात्री नऊला घरी येत असेल तर कुटुंब तिथे नेलं कशासाठी, असं मला वाटतं.

पहिले तीन महिने

पहिल्या काही दिवसांत सरकारी कामं: अठरा वर्षांवरच्यांची वैद्यकीय तपासणी, पंधरा वर्षांवरच्यांचे बोटांचे ठसे, मग एमिरेट्स आयडी. प्रवेश परवान्यावर आल्यावर हे सगळं साठ दिवसांत उरकायचं असतं. दुबईत बायकामुलांचा आरोग्य विमा ही त्यांना आणणाऱ्याची जबाबदारी आहे, कंपनी तो देईलच असं नाही. बाळंतपणाचं कलम नीट वाचून घ्या. फोनमध्ये तीन नंबर घाला: पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, अग्निशमन ९९७.

मागून आलेल्या बाईच्या हातात पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी याव्यात, असा आग्रह धरा: स्वतःच्या नावाचं सिम, पैसे भरलेलं नोल कार्ड (मेट्रो-बसच्या प्रवासाचं), घराची किल्ली, आणि थोडे रोख दिरहम जे मागावे लागत नाहीत. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. घरी नोकरी करणारी, स्वतःच्या स्कूटरवरून फोंड्याच्या बाजारात जाऊन येणारी बाई तिथे गेल्यावर दुधासाठी नवऱ्याकडे हात पसरते, आणि मनातून खचते. नवऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. माझ्या नवऱ्याच्याही आलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. सांगा.

नोल कार्ड मिळालं की दुसऱ्याच दिवशी एकटीने मेट्रोत बसा. बायका आणि मुलांसाठी वेगळा डबा असतो. सुरुवातीला एकच ठरलेली वाट ठेवा. मी दर मंगळवारी खाडीवर जाऊन अब्रात बसत असे. अब्रा म्हणजे लाकडी होडी, देऱ्याहून बर दुबईला एका दिरहमात नेते. लेकीला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा ती काठाला हात टेकवून बसली आणि म्हणाली, "आई, ही पणजी-बेती." म्हणजे आमची मांडवीवरची फेरीबोट. त्या दिवसापासून तिला ते शहर परकं वाटेनासं झालं असावं. निदान मला तरी.

इमारतीखालच्या किराणा दुकानाला तिथे बकाला म्हणतात. फोन केला की कोथिंबिरीची एक जुडीसुद्धा वर आणून देतात. ही सोय चांगली आहे, पण पहिले काही महिने मुद्दाम खाली उतरून जा. त्या दुकानात आणि स्कूलबसच्या थांब्यावरच माझ्या ओळखी झाल्या. एक सिंधी, एक मंगळूरची, एक फिलिपिनो. मराठी माणसं शोधा, जरूर शोधा, पण फक्त तेवढीच शोधत बसू नका.

नोकरी करायची असेल तर नवऱ्याच्या व्हिसावर राहूनही करता येते. नोकरी देणाऱ्याने तुमच्यासाठी कामाचा परवाना काढला पाहिजे. व्हिजिट व्हिसावर कुणी "चार दिवस काम करून दाखवा" म्हटलं तर करू नका, ते बेकायदा आहे. आपलं वाहन लायसन तिथे नुसतं बदलून मिळत नाही, तिथली परीक्षा द्यावी लागते. आणि गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, तेव्हा रस्ता ओलांडताना मुलांचा हात सोडू नका.

घरच्यांशी बोलणं

व्हॉट्सअॅपवर संदेश जातात, पण तिथून व्हॉट्सअॅपचा कॉल लागत नाही. इंटरनेटवरून बोलायला तिथे परवाना असलेलीच अॅप वापरावी लागतात, जसं बोटिम किंवा गूगल मीट. आजी-आजोबांना हे निघण्याआधी शिकवा, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हाताने, चारपाच वेळा. विमानतळावर घाईघाईत नको. माझ्या आईला मी एका वहीत चित्रं काढून दिली होती: हे हिरवं बटण, हे लाल. ती वही अजून तिच्या फोनखाली असते. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आपल्याकडे देवापुढे दिवा लागतो तेव्हा तिथे मुलं शाळेतून येऊन खाऊन बसलेली असतात. ती वेळ बोलायला चांगली.

मुलांशी घरात आपल्याच भाषेत बोला. कोकणी बोलत असाल तर कोकणी, मराठी तर मराठी. वाचनासाठी मराठी पुस्तकं बॅगेत ठेवा, दोन साड्या कमी झाल्या तरी चालतील. शनिवार-रविवार ही आता तिथली सुट्टी आहे, २०२२ च्या आधी शुक्रवार-शनिवार असे. माझी लेक दर शनिवारी आजीला एक पान पत्र लिहायची. पोस्टात टाकायचं नाही, फोटो काढून पाठवायचा. आजी ते मोठ्याने वाचून दाखवायची.

चवथ

चवथीला गोव्याला येता आलं तर या. उन्हाळी सुट्टीनंतर शाळा ऑगस्टच्या शेवटी उघडतात, त्यामुळे बहुतेक वर्षी जमत नाही, आणि पहिली चुकलेली चवथ फार जड जाते. ती वेळ येण्याआधीच ठरवून ठेवा की तिथे काय करायचं.

आम्ही पहिल्या वर्षी काहीच केलं नाही आणि तिघंही दिवसभर गप्प होतो. दुसऱ्या वर्षी नवऱ्याने पडद्याच्या दोन दांड्या आडव्या बांधून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायची चौकट, केली. गावी तिच्यासाठी रानातून कांगलां, घागऱ्यो अशी रानफळं येतात. तिथे होतं काय? नारळ, सुपारी, चिकू, डाळिंब, कच्ची केळी, एक पपनस, आणि लेकीने कागदाची करून रंगवलेली कांगलां. खतखत्यात (मिश्र भाज्यांच्या आमटीत) गावच्या तिरफळांची पूड होती. विसर्जन घरीच बादलीत, आणि माती कुंडीत. शेजारची फिलिपिनो बाई नेवऱ्या (करंज्या) बघून म्हणाली, आमच्याकडेही असंच असतं, आत मांस असतं. लेकीने तिला आतलं सारण उघडून दाखवलं.

देवळात जायचं तर जेबेल अलीला मोठं देऊळ आहे, २०२२ च्या ऑक्टोबरात उघडलं. अबुधाबीचं दगडी मंदिर २०२४ च्या फेब्रुवारीत.

एक धोका इथेच सांगते. गावच्या देवळाच्या जत्रेसाठी, कुणाच्या ऑपरेशनसाठी तिथे बसून ग्रुपवर वर्गणी मागू नका. परवान्याशिवाय लोकांकडून पैसे गोळा करणं हा तिथे गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. स्वतःचे द्यायचे ते थेट गोव्याला पाठवा. कुणाचाही फोटो न विचारता काढू नका, रागाच्या भरात कुणाला शिवीचा संदेश पाठवू नका. रमजानात दिवसा रस्त्यावर, बसमध्ये खाऊ-पिऊ नका.

व्हिसाच्या दोन-तीन गोष्टी

सहा महिन्यांहून जास्त सलग युएईबाहेर राहिलात तर निवासाचा व्हिसा रद्द होऊ शकतो. बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या बायकांनी तारखा मोजून याव्यात. बाळ तिथेच झालं तर १२० दिवसांत त्याचा व्हिसा व्हायला हवा, आणि जन्माची नोंद भारतीय वाणिज्य दूतावासात वर्षाच्या आत केलीच पाहिजे. भारतीय नागरिकत्वासाठी ती लागते. मुलगा पंचवीस वर्षांपर्यंत आणि मुलगी लग्न होईपर्यंत तुमच्या व्हिसावर राहू शकते. नवऱ्याची नोकरी गेली की सगळ्या घराचाच व्हिसा जातो, म्हणून तीन महिन्यांचा खर्च आणि परतीची तिकिटं एवढी रक्कम बाजूला असावी. ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला एकवीस दिवसांच्या मूळ पगाराएवढी, पण ती हातात यायला वेळ लागतो.

मागे राहिलेलं गोव्यातलं घर

बँकेत जाऊन साधं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं, इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या आणि तिथून पैसे पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं) उघडा. हे टाळत राहू नका.

आपल्या गोव्याच्या नागरी कायद्याने नवरा-बायको मालमत्तेत बरोबरीचे असतात, त्यामुळे जमिनीच्या किंवा घराच्या विक्रीला दोघांची सही लागते. तुम्ही तिकडे असताना वाटणीचं काही निघालं तर एका सहीसाठी काम अडून राहतं. विश्वासातल्या माणसाला नेमक्या कामापुरती पॉवर ऑफ अॅटर्नी इथेच देऊन ठेवा. सगळ्या मालमत्तेची सरसकट देऊ नका, भाऊ असला तरी.

बंद घर पावसाळ्यात खराब होतं. कौलं सरकतात, वाळवी लागते, गाद्यांना बुरशी येते. मे महिन्यात शाकारणी करून घेणारं आणि पावसात आठवड्याला एकदा खिडक्या उघडणारं माणूस हवं, आणि त्याला त्याचे पैसे वेळेवर पोचवा, फुकटात कुणाला अडकवू नका. घरपट्टी आणि विजेचं बिल कोण भरणार ते लिहून ठेवा. गॅस बंद, मोटरचं बटण बंद, विहिरीवर जाळी. देवघरातले देव आमच्या सासूबाई धाकट्या दिराकडे घेऊन गेल्या. किल्लीचा एक जोड त्यांच्याकडे, एक शेजारी, आणि एक तुमच्या स्वतःच्या पर्समध्ये.